एकशे वीस पराभवांचा हंगाम, फाशांवर

विसाव्या शतकातल्या बेसबॉलमध्ये वाईट संघ पुष्कळ झाले, पण १९६२ सालच्या न्यू यॉर्क मेट्सइतकं भरभरून कुणी हरलं नाही. १६० निकाली सामने, त्यांतले ४० जिंकले, १२० हरले. एक बरोबरीत सुटला, तेवढीच विश्रांती. पराभवांच्या आकड्यात त्यांना गाठायला कुणाला तरी २०२४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. पण त्यांनी १६२ सामन्यांत ४१ जिंकले होते, त्यामुळे टक्केवारी काढलीत तर मेट्स अजूनही त्यांच्या खालीच आहेत.

मी त्यांचा एकही सामना पाहिलेला नाही. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरीही एप्रिल ते सप्टेंबर असा त्यांचा अख्खा हंगाम मी त्यांच्यासोबत काढला, जेवणाच्या टेबलावर, तीन फासे, कार्डांचा गठ्ठा आणि स्कोअरशीट घेऊन. या प्रकाराला अमेरिकेत ‘रिप्ले’ म्हणतात. एखादा जुना हंगाम निवडायचा, त्याचं वेळापत्रक समोर ठेवायचं आणि एकेक सामना फाशांवर पुन्हा खेळायचा. दोन्ही संघांकडून आपणच. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलंय, इतिहासाचं पुस्तक उघडून पानाच्या शेवटच्या आकड्यावर गावसकरला शून्यावर बाद केलंय, त्यांना यातली मजा समजावून सांगायची गरज नाही.

फरक एवढाच की बुक क्रिकेटमध्ये गावसकर आणि चंद्रशेखर यांची फलंदाजी सारखीच असते. पान काही माणूस ओळखत नाही. हीच उणीव हॅल रिचमन नावाच्या न्यू यॉर्कजवळच्या एका मुलालाही खटकली होती. साल १९४८, वय अकरा. तेव्हाच्या बाजारातल्या बेसबॉलच्या खेळांनी त्याचं समाधान होईना, म्हणून तो फासे टाकत बसला आणि कुठलं दान किती वेळा पडतं ते लिहीत गेला. त्यातून पुढे ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ तयार झाला, १९६१ मध्ये बाजारात आला आणि आधी फारसा चालला नाही. रिचमनने वडिलांकडून पाच हजार डॉलर उसने घेतले. अट अशी की धंदा बुडाला तर मुकाट्याने वडिलांच्या विमा व्यवसायात यायचं. १९६३ मध्ये त्याने आदल्या हंगामातल्या सगळ्या वीस संघांची कार्डं एकदम काढली आणि विमा व्यवसाय एका माणसाला मुकला. तो आदला हंगाम म्हणजेच १९६२. मेट्सना जन्मतःच कार्डं मिळाली.

खेळ असा चालतो. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असतं. तीन फाशांपैकी एक वेगळ्या रंगाचा. त्यावर १, २ किंवा ३ पडले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा, ४, ५ किंवा ६ पडले तर पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, कार्डावर. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे त्या कार्डावरची ओळ. ७ ही बेरीज ३६ पैकी ६ वेळा येते, २ आणि १२ एकेकदाच. म्हणजे कुणाच्या कार्डावर सातच्या ओळीत होमरन (बेसबॉलचा षटकार) छापलेला असेल तर तो माणूस धोकादायक, आणि दोनच्या ओळीत असेल तर दिवाळीतून एकदा. पिचरच्या कार्डावर काही जागी क्षेत्ररक्षणाचं एखादं स्थान येतं. मग तिथल्या खेळाडूचा दर्जा बघायचा, १ म्हणजे उत्तम. मेट्सकडे १ शोधत बसू नका.

मला यात मोह पडतो तो गणिताचा. माझा निम्मा निकाल माझ्या हातात, निम्मा समोरच्याच्या, आणि दोन्हींच्या वर दान. एका सामन्यात दोन्ही बाजू मिळून साधारण पंचाहत्तर-ऐंशी वेळा फासे टाकावे लागतात. हंगामाचे होतात बारा हजारांच्या आसपास. संगणक हेच काम चहाचा कप उचलेपर्यंत करून देतो. २०२० मध्ये कोविडने मैदानं बंद पडली तेव्हा ‘बेसबॉल रेफरन्स’ या आकडेवारीच्या संकेतस्थळाने ‘आउट ऑफ द पार्क’ या संगणकीय खेळावर अख्खा हंगाम चालवला, रोजच्या रोज. स्ट्रॅट-ओ-मॅटिकनेही चालवला. लोक खोट्या सामन्यांचे खरे निकाल वाचत बसले. मला त्यात काही गैर वाटत नाही, पण सेकंदात संपणाऱ्या हंगामात पराभव मुरत नाही. मे महिन्यात सलग हरायला मे महिनाच लागतो.

मेट्स निर्माण कसे झाले ते थोडक्यात. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यू यॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले. त्या शहरात नॅशनल लीगचा, म्हणजे दोन मोठ्या लीगपैकी एकीचा, संघ उरला नाही. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या संघांसाठी खेळाडूंची निवड झाली, म्हणजे जुन्या संघांनी यादीत टाकलेल्या, बहुधा नको झालेल्या माणसांमधून उचलायचं. मेट्सनी पहिला घेतला हॉबी लँड्रिथ, एक कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा. व्यवस्थापक केसी स्टेंगल सत्तरी ओलांडलेले, यँकीज या न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या लीगमधल्या संघाला सात जागतिक विजेतेपदं मिळवून दिलेले. घरचं मैदान जायंट्सनी सोडलेलं पोलो ग्राउंड्स. त्याची उजवी कड फक्त २५८ फुटांवर आणि मधली भिंत ४८० फुटांच्या पुढे. एका बाजूला उंच झेलही होमरन, दुसरीकडे तोफेचा गोळाही झेल.

पहिले नऊ सामने ते हरले. माझ्या टेबलावर नाही हरले. दुसऱ्याच सामन्यात जिंकले आणि मला थोडं फसवल्यासारखं वाटलं. इथेच रिप्ले खेळणाऱ्याचा खरा प्रश्न सुरू होतो, की आपल्याला हवंय तरी काय? इतिहास जसाच्या तसा हवा असेल तर पुस्तक वाचावं. संघ जिंकायला हवा असेल तर दुसरा संघ घ्यावा.

या मंडळींमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो, त्या दिवशी प्रत्यक्षात जे नऊजण उतरले तेच उतरवायचे, त्याच क्रमाने. दुसरा म्हणतो, व्यवस्थापक मी आहे, मला हवं ते करीन. मी दुसऱ्या पंथातून पहिल्यात आलो आणि त्याला कारण झाला गिल हॉजेस. ब्रुकलिनचा लाडका, आता वय झालेला, गुडघा दुखावलेला. १९६२ मध्ये तो जेमतेम ५४ सामने खेळला, पण त्यांत १२७ वेळा फलंदाजी करून ९ होमरन मारले. आता त्रैराशिक मांडा. पाचशे वेळा पाठवला तर पस्तीस. पहिल्या बेसवर (धावताना ज्यांना ओळीने पाय लावायचा त्या ठिकाणांपैकी पहिलं) त्याच्याऐवजी रोज खेळणारा माणूस होता मार्व थ्रोनबेरी, .२४४ ची सरासरी, म्हणजे हजार वेळा फलंदाजी केली तर २४४ हिट (यशस्वी फटके), आणि क्षेत्ररक्षणात चुकांचा पाऊस. कार्डावर हॉजेसचा गुडघा दुखत नाही. त्याला रोज खेळवायला कोण अडवणार? मी खेळवला, आणि मेट्स एकदम बरे दिसायला लागले. पण ते मेट्स नव्हते. म्हाताऱ्या माणसाच्या थोड्याशा चांगल्या दिवसांना मी वर्षभर राबवत होतो. या छंदातली जाणती माणसं म्हणूनच प्रत्यक्षातल्या खेळींची मर्यादा पाळतात, आणि मीही मग नवी वही घेऊन हंगाम एप्रिलपासून पुन्हा सुरू केला, थ्रोनबेरीसकट.

थ्रोनबेरीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १७ जून, पोलो ग्राउंड्स, समोर शिकागो कब्ज. याने चेंडू दूर मारला आणि धावत तिसऱ्या बेसवर पोहोचला. कब्जनी चेंडू पहिल्या बेसकडे टाकला आणि पंचांनी त्याला बाद दिलं, कारण पळताना पहिल्या बेसला त्याचा पायच लागला नव्हता. स्टेंगल तावातावाने भांडायला निघाले तेव्हा त्यांना कळलं की दुसऱ्या बेसलाही लागला नव्हता. तो सामना मेट्स ८-७ असा एका धावेने हरले.

आता या प्रसंगाचं कार्डावर काय उरलं? अधिकृत नोंदीत तो फटका गेला, बाद होणं तेवढं राहिलं. कार्ड त्या नोंदीवरून बनतं. म्हणजे माझ्या टेबलावर थ्रोनबेरी अनेकदा साध्या चेंडूवर बाद होतो आणि त्यांतलाच कुठला तरी एक बाद तो असतो, पण कुठला ते फाशांना ठाऊक नाही. मला ही खेळातली उणीव वाटत नाही. पण मेट्सवर लोकांनी जीव लावला तो अशाच गोष्टींसाठी, आणि त्या वर्षी पोलो ग्राउंड्सवर नऊ लाखांच्या वर प्रेक्षक आले. ते आकडे बघायला नव्हते आले.

तसाच क्रेग अँडरसन. १२ मे रोजी मिलवॉकीविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने झाले. बेसबॉलमध्ये विजय आणि पराभव एकेका पिचरच्या नावावर लागतात. दोन्हींचा विजयी पिचर अँडरसन, आणि दोन्ही वेळा नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावात होमरनवर सामना जिंकला, पहिला लँड्रिथने आणि दुसरा हॉजेसने. त्यानंतर त्या हंगामात अँडरसन सलग १६ सामने हरला. शेवटी त्याची नोंद ३ विजय, १७ पराभव. फासे असं करू शकतात का? करू शकतात, पण क्वचित, कारण प्रत्येक दान मागच्या दानाला विसरून पडतं. माणूस विसरत नाही. बारावा पराभव पाठीवर घेऊन उतरलेला पिचर आणि ताजा पिचर यांना एकच कार्ड लावणं हे मला कधीच पूर्ण पटलेलं नाही.

आणि तरीही मला जे सांगायचंय ते गणिताच्याच बाजूचं आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचा एक साधा ठोकताळा आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या. पहिला भागिले दोघांची बेरीज, ही संघाची रास्त विजयाची टक्केवारी. मेट्सनी ६१७ धावा केल्या, ९४८ दिल्या. वर्ग ३,८०,६८९ आणि ८,९८,७०४. उत्तर तीस टक्क्यांच्या किंचित खाली, म्हणजे १६० सामन्यांत ४८ विजय. वर्गाऐवजी १.८३ हा घातांक घेतला, जो आता जास्त वापरतात, तर ५०. प्रत्यक्षात मिळाले ४०.

म्हणजे तो ऐतिहासिक संघ वाईट होताच, पण आठ-दहा सामने दुर्दैवाचे होते. इतक्या सामन्यांत निव्वळ योगायोगाने सहाएक विजय इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. नऊ-दहा होणं हे दहा-पंधरा हंगामांत एकदा. त्यांच्या वाट्याला तेच वर्ष आलं. एका धावेच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत ते जिंकले त्याच्या साधारण दुप्पट हरले. माझ्या हंगामात मेट्स चाळिशी ओलांडून गेले आणि तरी आपल्या लीगमध्ये सगळ्यांत शेवटी राहिले, कारण नवव्या स्थानावरच्या कब्जनी प्रत्यक्षात ५९ सामने जिंकलेत. तेवढी मजल मेट्सच्या कार्डांत नाहीच. सगळं दुर्दैव काढून घेतलंत तरी उरतो तो तळाचाच संघ.

हे मला कळलं ते सूत्रातून नाही, ऑगस्टमधल्या सामन्यांतून. अल जॅक्सन हा त्यांचा डावखुरा पिचर, ८ विजय, २० पराभव. त्या आठांपैकी चार सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नव्हती. २० सामने हरलेल्या माणसाचं कार्ड हातात घेतलं की आपण भोकं शोधतो. त्याच्या कार्डाला फार भोकं नाहीत. मी त्याला पाठवायचो, तो सात डाव नीट टाकायचा, मग एक चेंडू कुणाच्या तरी हातातून सुटायचा आणि ३-२ असा पराभव वहीत उतरायचा. पुन्हा पुन्हा. रॉजर क्रेगचंही तसंच. २४ पराभव, पण २४ वेळा सामना हरायला त्याच्याच हाती द्यावा असं वाटण्याइतका तो भरवशाचा होता. वाईट पिचरला चोविसावा पराभव मिळतच नाही, त्याला आधीच घरी पाठवतात.

माझा यापुढचा हंगाम १८९९ चा, क्लीव्हलंड स्पायडर्स. २० विजय, १३४ पराभव. मालकांच्या हाती सेंट लुइसचाही संघ आला आणि नामांकित पिचर साय यंगसकट सगळे चांगले खेळाडू तिकडे गेले. प्रेक्षक येईनात म्हणून स्पायडर्स बहुतेक सामने परगावी खेळले. त्यांनाही तेच सूत्र लावून पाहिलं. त्यांचेही तीन ते सहा विजय दैवाने खाल्ले असावेत. एवढ्या वाईट संघावर दैवाने आणखी रागवावं, हे मला जरा जास्तच वाटतं.

वेळ संपत आली. मागच्या टेबलावर मी ३० जून १९६२ चा सामना मांडून ठेवलाय, मेट्स विरुद्ध डॉजर्स, लॉस एंजलिस. त्या दिवशी सँडी कफॅक्सने मेट्सच्या पहिल्या तीन फलंदाजांना नऊ चेंडूंत गुंडाळलं, एकूण तेरा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडूला नीट फटका लागू न देताच बाद केलं, आणि सामनाभर एकही हिट दिला नाही. डॉजर्स ११-० असे जिंकले. फासे तिथेच आहेत, चहा येईपर्यंत चार-पाच डाव सहज होतील. कफॅक्सचं कार्ड मी घेतोय. मेट्स कोण घेणार ते ठरवा.