गिरणीतलं वाचन

श्रोतेहो, नमस्कार.

पहिलीत नाव घातलेल्या मुलांना शाळेत जायला लागून आता महिना-दीड महिना झाला. ग म भ न झालं, काना झाला, काही वर्गांत वेलांट्याही सुरू झाल्या असतील. आणि घराघरांतून एकच विचारणा चालू आहे, आमचा वाचायला कधी लागणार? शेजारची तर घडाघडा वाचते. आज मी त्याविषयीच बोलणार आहे. वाचायला शिकता शिकता मूल स्वतःबद्दल काय ठरवून टाकतं, याविषयीही बोलणार आहे.

आधी थोडं वाचनाबद्दल. आपली लिपी तशी मुलांच्या बाजूची आहे. अक्षर दिसतं तसा उच्चार, फार फसवणूक नाही. म्हणून सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबायचं कारण नसतं. चार-पाच अक्षरं आणि एक काना एवढ्यावर ‘मामा’, ‘गाना’, ‘भागा’ असे शब्द मूल लावू शकतं. अडतं ते पहिल्या वेलांटीशी. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. मूल डावीकडून सरळ वाचत येतं आणि तिथे ठेचकाळतं. हे ठेचकाळणं म्हणजे मूल मागे असल्याची खूण नव्हे, ते नीट बघून वाचतंय याची खूण आहे. वेग पुढे येतो. हे पुन्हा सांगते, वेग पुढे येतो.

पण त्या ठेचकाळण्याच्या वेळी आजूबाजूला कोण आहे, यावर फार काही ठरतं. त्यासाठी मला एका मुलीची गोष्ट सांगायची आहे.

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. तिसरीच्या वर्गात एक मुलगी नव्यानेच आली. आधीच्या शाळेतून निरोप होता की हिला वाचता येत नाही. वर्गात उभी राहिली की पुस्तक छातीशी धरायची आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. मागच्या रांगेतली पोरं खुदखुदायची. दोनदा हे पाहिल्यावर मी तिला उभं करणं थांबवलं. नुसती शेजारी बसायचे. तरी तोंडातून शब्द नाही. तिच्या वडिलांनी गावातली पिठाची गिरणी चालवायला घेतली होती, एवढं मला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी मी ज्वारी दळायला घेऊन गेले. आमच्याकडे मालदांडीच लागते. आणि श्रोतेहो, पाकिटातल्या पिठाची भाकरी मला भाकरी वाटत नाही. गरम गरम दळून आणलेलं पीठ, त्याच दिवशी थापलेली भाकरी, ती गोडी वेगळीच. गावोगावच्या गिरण्या बंद पडत चालल्या आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. असो.

गिरणी घरघरत होती. दळणाचे डबे भिंतीला लागून ओळीने मांडलेले. ज्याला थांबायला वेळ नसे तो डब्यात चिठ्ठी टाकून जायचा. नाव, धान्य, आणि जाड की बारीक. वडील दळायला उभे, भुवयांवर पीठ. आणि ही मुलगी एक रिकामा डबा पालथा घालून त्याच्यावर बसलेली. झाकण उघडायची, चिठ्ठी काढायची, तिचे ओठ हलायचे, मग तो डबा ज्वारीच्या ओळीत नाहीतर गव्हाच्या ओळीत सरकवायची. मी दारात उभी. ओठ दिसत होते, आवाज ऐकू येत नव्हता. गिरणीत शेजारी उभं राहून बोललेलंही कळत नाही, तर हिचं कुठून कळणार?

भारनियमनाचे दिवस होते ते. वीज गेली. पट्टा सैल पडला, जातं फिरत फिरत थांबलं, सगळीकडे शांत झालं. तिचा आवाज मात्र चालूच होता. तिचं लक्षच नव्हतं.

“…काकू. बा… ज… री. बाजरी. जड. अंहं, जाड.”

ऐकलंत ना? “जड. अंहं, जाड.” काना सुटला, तो तिचा तिला दिसला, आणि तिने तो परत आणला. चिठ्ठ्या त्याच दिवसाच्या होत्या, प्रत्येकीचं अक्षर वेगळं, काहींचं तर मलाही लावायला अवघड. पाठांतराचा प्रश्नच नव्हता. ती मुलगी वाचत होती.

मग तिला शांतता जाणवली. तिथे चार-पाच बायका होत्या, सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने चिठ्ठी मुठीत धरली आणि मान खाली घातली. तोच शाळेतला अंगठा. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, अगं, येतंय की तुला! पण मी बोलले नाही, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. बोलले ते तिचे वडील. त्यांनी कौतुक केलं नाही, आश्चर्यही नाही. म्हणाले, “थांबलीस का? म्होरं वाच की. लाइट आली की बाजरी आधी घालायची हाय.”

आणि तिने पुढची चिठ्ठी उघडली. शांततेत, सगळ्यांसमोर, अडखळत. वडिलांना तिच्या वाचनाची गरज होती. कोण ऐकतंय यापेक्षा पुढच्या डब्यात काय आहे हे महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात यातलं काहीच सांगितलं नाही. सगळ्यांना म्हटलं, आपापलं पुस्तक काढा आणि सगळ्यांनी एकदम, मोठ्याने, आपापलं वाचा. एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. त्या गलक्यात मी एकेका मुलाजवळ जाऊन बसायचे. ती वाचत होती. चिठ्ठीएवढं जमत होतं, पानभर मजकूर बघितला की मात्र घाबरायची. म्हणून मी धड्यातली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून दिली. आधी एकेक, मग दोन-दोन, मग चिकटवून अख्खा परिच्छेद. दिवाळीच्या सुट्टीआधी ती पुस्तक घेऊन आपणहून माझ्या टेबलाशी आली, अर्धं पान वाचलं आणि मला विचारलं, “बाई, मी आता वाचणाऱ्यांच्यात का?”

आठ वर्षांची मुलगी. वर्गात वाचणारे आणि न वाचणारे असे दोन गट आहेत आणि आपण कुठल्या गटात, हे कुणी न सांगता तिने ठरवून टाकलं होतं. ते एकदा ठरलं की मूल पुस्तक टाळतं, टाळलं की सराव होत नाही, सराव नाही म्हणून आणखी अडखळतं. वाचणारा मात्र वाचून वाचून पुढे जातो. कीथ स्टॅनोविच या अभ्यासकाने १९८६ साली हे वाढत जाणारं अंतर मांडलं. वर्गात बसणाऱ्या कुणालाही ते दिसतं.

आणि हे थोड्याथोडक्या मुलांचं दुखणं नाही. मुलांना वाचता-गणितं करता येतात का हे पाहणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत, २०२४ साली, देशभरातल्या ग्रामीण भागात, सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के निघाली. म्हणजे चारात एक सुद्धा नाही. ही पाहणी करणारे मुलाच्या घरी जातात आणि एकेकाला वेगळं वाचायला देतात, अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेकाला वेगळं, ही पद्धत मला फार आवडते.

आता घरी बघा. मूल पहिलं वाक्य लावायला लागलं की आपण मोबाइल समोर धरतो. “परत म्हण. नीट म्हण. आजीला पाठवायचंय.” व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. तिथे आधीच आत्याच्या मुलीचा व्हिडिओ असतो, ती इंग्रजी वाचत असते. मूल दोन्ही बघतं, पुन्हा पुन्हा बघतं. आमच्या वेळी अडखळलेलं त्या दुपारी विसरून जायचं. आता ते साठवलेलं असतं, मुलाच्याच डोळ्यांसमोर. मग मूल काय करतं? पान पाठ करतं. चित्र बघून म्हणून दाखवतं. आपण टाळ्या वाजवतो, आणि वाचन तिथेच थांबतं. श्रोतेहो, मुलाला चुकायला आडोसा द्या. निदान पहिली दोन वर्षं तो कॅमेरा खाली ठेवा. चुकायला आडोसा द्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात घेऊन गेल्या. मूल जिथे मोकळं असतं तिथे शिकवावं, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी अक्षरं गिरवायला लावणाऱ्या पालकांनी एकदा कोसबाडला जाऊन यावं, असं मला फार वाटतं.

घरी करण्यासारखं खूप आहे. वाण्याची यादी मुलाच्या हातात द्या आणि खरंच त्याच्याकडून वाचून घ्या. तुम्ही डबे काढत असा, पाठ त्याच्याकडे असू दे. कालनिर्णयवर कुठला सण कधी, ते त्याला बघून सांगू दे. चुकला तर लगेच शब्द सांगू नका, पाच आकडे मनात मोजा. पुष्कळदा तेवढ्यात “अंहं” येतं. आणि भावंडांची तुलना त्याच्या कानावर पडू देऊ नका, झोपलाय असं वाटलं तरीसुद्धा.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला जोडाक्षरांबद्दल बोलू. रफार आणि रकार यांत मुलं का गोंधळतात, तेही पाहू. तोवर मुलाला तुमच्या गावातल्या पाट्यांवरचे जोडाक्षरांचे शब्द गोळा करायला सांगा, वहीत उतरवून ठेवू दे. नमस्कार.