सुपातले जोंधळे

(पहाट. आयर्विन पुलाखालची कृष्णा. घाटाच्या पायरीवर एक पणती.)

२० नोव्हेंबर. ट्रान्सजेंडर स्मृतिदिन. सांगलीचा घाट. ही पणती मारल्या गेलेल्या ट्रान्स माणसांसाठी, जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून ज्यांची ओळख वेगळी होती, त्यांच्यासाठी. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. काहींची पेपरात छापून आली, पण आईबापांनी ठेवलेली. स्वतः निवडलेलं नाव मेल्यावरही मिळालं नाही.

रीटा हेस्टर. अमेरिकेतल्या बोस्टनची ट्रान्स स्त्री. २८ नोव्हेंबर १९९८ ला राहत्या घरात तिला भोसकून मारलं. बातम्यांनी तिला पुरुष म्हटलं. पुढच्या वर्षी ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ यांनी तिच्या आठवणीत हा स्मृतिदिन सुरू केला.

(गल्ली. चौंडक्याचा आवाज.)

आपल्या भागाला ही माणसं अनोळखी कधीच नव्हती. यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, डोक्यावर घेऊन जोगता, देवीला सोडलेला, बाईच्या वेशातला भक्त, दारात आला, की घरातली बाई सुपात जोंधळे घेऊन उंबऱ्यावर येते. हळदकुंकू वाहते, वाकून पाया पडते. देवीचं माणूस.

तेच माणूस उद्या काम मागायला आलं तर? हळदीच्या अडतीत, कापडाच्या दुकानात, दवाखान्याच्या खिडकीवर? सुपातले जोंधळे देणारं आपलं घर तिथं खुर्ची द्यायला कचरतं.

दिवसाचं काम मिळालं नाही, की रात्रीचं उरतं. या दिवसांत उसाच्या गाड्या रात्रभर ज्या रस्त्यांनी जातात, तिथंच कडेला कुणीतरी उभं असतं. परकी गाडी, अंधार, आणि मार खाल्ला तरी सांगायचं कुणाला? सांगलीत 'मुस्कान'सारखी संघटना उभी राहिली, ती याच माणसांची. मारणारा हात आपल्याला दिसतो. तिला त्या अंधारापर्यंत नेणारे, नोकरी नाकारणारे हात मात्र आपण मोजतच नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानं नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली, प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. त्याच कायद्यात शारीरिक, लैंगिक छळाला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. एका माणसाच्या अंगावरच्या जखमेची ही किंमत फार कमी आहे.

(दुकानाचं शटर वर जातं.)

काम दिलं, तर नीट द्यायचं. मस्टरवर तिनं सांगितलेलं नाव. संडास कोणतं वापरायचं, ते पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन विचारायचं. चारचौघांत त्याची चर्चा नको. गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं, तर मालकानं गल्ल्यावरून उठायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं. तिला आत पाठवायचं नाही.

आणि दुपारी डबे उघडले, की थोडं सरकून बसायचं.

(डब्यांचा गोल. कुणीतरी ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवतं.)