वारुळावरची अळंबी आणि तिचा खालचा संसार

मंडळी, श्रावण आलाय म्हणजे बाजारात अळंबी दिसायला लागली असणार, आणि भाव ऐकून निम्मे लोक नुसतं बघून पुढे जात असणार. आज मी तिच्या चवीवर नाही बोलणार, तिच्या संसारावर बोलणार.

आपण काढतो ते त्या बुरशीचं फक्त फळ. खरी बुरशी खाली वारुळात, पांढऱ्या बारीक तंतूंची. अळंबी काढताना तो लांबच लांब मुळासारखा दांडा मातीत जाताना बघितलाय ना, तो खाली वाळवीने केलेल्या भुसभुशीत पोळ्यापर्यंत पोचलेला असतो. वाळवी लाकूड-पाचोळा खाऊन त्याचं ते पोळं बनवते आणि त्यावर बुरशी वाढवते, अक्षरशः शेती करते. त्या पोळ्याचा तुकडा हातात घेतला तर त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे दिसतात. त्या दाण्यांत बीजाणू असतात, पण नर-मादी, मीलन वगैरे काही न होता तयार झालेले. वाळवी ते दाणे खाते, बीजाणू तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि विष्ठेबरोबर नवीन पोळ्यात पेरले जातात. म्हणजे हापूसची कलमं कशी सगळी एकाच झाडाची, तसं त्या वारुळातली बुरशी एकच, तीच ती, वर्षानुवर्षं.

मग बुरशीने एवढा खटाटोप करून वर छत्री का काढायची? कारण मीलनातून झालेले बीजाणू तिथे तयार होतात. असा बीजाणू रुजला की निघणाऱ्या तंतूच्या पेशीत एकाच प्रकारचं केंद्रक असतं, आणि दुसरा जुळणारा तंतू भेटला की पेशी एक होतात पण केंद्रकं एक होत नाहीत, ती शेजारी शेजारी राहतात आणि बुरशी वाढेल तशी जोडीनेच वाढत जातात. मला हे फार म्हणजे फारच विलक्षण वाटतं. ती खरी एक होतात ती थेट छत्रीखालच्या पापुद्र्यांवर, तीही क्षणभरच, लगेच विभाजन होऊन बहुतेक जातींत चार बीजाणू तयार, प्रत्येकात आईबापांचे गुण वेगळ्या पद्धतीने मिसळलेले. मग बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूवरच्या ओलाव्यात मिसळला की त्या झटक्यानेच बीजाणू सुटतो.

आणि जुळणारा म्हणजे फक्त दोनच प्रकार, असं समजू नका. तोडलेल्या आंब्याच्या लाकडावर पावसात पंख्यासारखी, पांढरट-करडी, केसाळ बुरशी येते, शिझोफायलम कम्यून नावाची, तिच्यात असे 23 हजारांहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे समोर येणारा जवळजवळ कोणीही चालतो.

आता वारुळाकडे परत. पहिल्या पावसात वाळवीचे पंखवाले कीटक उडतात ना, त्यातली जोडी नवीन वारूळ सुरू करते, पण बहुतेक जातींत ती बुरशी बरोबर नेत नाही. त्यांची पहिली कामकरी पिल्लं बाहेर पडून अळंबीचे बीजाणू गोळा करून आणतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, वारूळ खणू नका आणि सगळ्या अळंब्या कळीतच उपटू नका, काही पूर्ण उमलू द्या, कारण उमलल्याशिवाय बीजाणू पडतच नाहीत.

मघाशी एका ताईंनी विचारलं की मग हीच अळंबी धिंगरीसारखी, म्हणजे ऑयस्टर मशरूमसारखी, पिशवीत का लावत नाहीत. तर धिंगरीला भाताचा पेंढा पुरतो, हिला वाळवी लागते, एवढा फरक आहे. धिंगरीचं स्पॉन म्हणजे धान्यावर वाढवलेले तंतू, तेही मीलनाशिवायच वाढलेले, म्हणून प्रत्येक पिशवीत तोच वाण मिळतो. फक्त शेडमध्ये छत्र्या जास्त उमलल्या तर बीजाणूंचा धूर होतो, काहींना त्याने खोकला-दमा होतो, तेव्हा कडा सपाट व्हायच्या आत काढणी करा आणि आत जाताना मास्क लावा.