डंकन्सबीच्या कड्यांखाली

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या ईशान्य टोकाला, केथनेस परगण्यात, जॉन ओ’ग्रोट्स हे छोटे बंदर आहे. तेथील प्रसिद्ध दिशादर्शक खांबाजवळ छायाचित्र काढून अनेक पर्यटक माघारी फिरतात. खरे टोक मात्र पूर्वेला, डंकन्सबी हेडच्या दीपगृहापाशी आहे आणि त्याचे कडे खालून, जवळून पाहायचे असतील तर पाण्यातूनच जावे लागते. उन्हाळ्यात त्यासाठी या धक्क्यावरून लहान बोटी सुटतात.

बोट किती वाजता सुटणार, हे भरती-ओहोटी ठरवते. समोरची पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांना जोडते. भरती तिच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या वेळी पोहोचत असल्याने पाण्याच्या पातळीत फरक पडतो आणि तो भरून काढण्यासाठी पाणी या अरुंद वाटेने धावत सुटते. उधाणाच्या दिवसांत काही ठिकाणी त्याचा वेग १० नॉटच्याही (ताशी सुमारे १८.५ किलोमीटर) वर जातो. वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला, की तेथे उभ्या लाटा उठतात आणि अनुभवी तांडेल बोट बाहेर काढण्याचे नाव घेत नाही.

दीपगृहाला वळसा घातला, की पक्ष्यांच्या विष्ठेचा उग्र दर्प येतो. पक्षी त्यानंतर दिसतात. हे कडे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्माचे आहेत. त्याचे थर जवळजवळ आडवे असून काही मऊ, तर काही कठीण आहेत. मऊ थर झिजून आत गेल्यामुळे अरुंद कपारींच्या रांगा तयार झाल्या आहेत. त्यांवर गिलेमॉट हे समुद्रपक्षी खांद्याला खांदा लावून उभे असतात. हा पक्षी घरटे बांधत नाही. उघड्या दगडावर एकच अंडे घालतो. एका बाजूला निमुळत्या असलेल्या या अंड्याचा रंग निळसर हिरव्यापासून पांढुरका असा काहीही असू शकतो. त्यावरची ठिपक्यांची आणि रेघांची नक्षी प्रत्येक मादीची निराळी असल्याने एवढ्या दाटीतही ज्याचे त्याला अंडे ओळखता येते. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचे होते आणि पंखांत उडण्याचे बळ येण्याआधीच कड्यावरून थेट समुद्रात उडी टाकते. खाली त्याला हाका मारत पिता वाट पाहत असतो आणि पुढचे काही आठवडे तोच त्याला सांभाळतो. कड्याच्या माथ्यावरून ही उडी नीट दिसत नाही, बोटीतून दिसते.

लहान बोटीला कड्यांपासून सुटून समुद्रात उभ्या असलेल्या सुळक्यांच्या मधून आणि अरुंद घळींच्या तोंडापर्यंत जाता येते. नेमके म्हणूनच कोठे थांबावे हे तिच्या तांडेलाला कळावे लागते. प्राण्यांच्या रोखाने सरळ बोट नेऊ नये, वेग कमी आणि एकसारखा ठेवावा, त्यांची समुद्राकडची वाट अडवू नये, असे स्कॉटलंडची सागरी वन्यजीव निरीक्षण संहिता सांगते. २००६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही संहिता २०१७ मध्ये सुधारण्यात आली. करडे सील खडकावर पहुडलेले असताना त्यांनी माना वर करून बोटीकडे पाहिले, तर अंतर वाढवायला हवे; अन्यथा क्षणात सारा कळप पाण्यात कोसळतो आणि त्यांची विश्रांती वाया जाते. त्यांच्या घोषित विश्रांतिस्थळी जाणूनबुजून त्रास देणे तर कायद्याने गुन्हा आहे.

सीलांचा मोठा वावर पेंटलंड फर्थमधल्या स्ट्रोमा बेटाभोवती असतो. १९०१ साली तेथे सुमारे पावणेचारशे माणसे राहत होती. १९६२ मध्ये शेवटच्या कुटुंबानेही बेट सोडले. आता रिकाम्या घरांभोवती मेंढ्या चरतात. करड्या सीलांची पिल्ले शरद ऋतूत जन्मतात, त्यामुळे ती उन्हाळी फेरीत दिसतील, ही अपेक्षा ठेवू नये. ओर्का या काळ्या-पांढऱ्या मोठ्या डॉल्फिनांचेही तसेच: ते या सामुद्रधुनीतून जातात, परंतु त्यांची हमी देणाऱ्यावर विश्वास न ठेवलेला बरा.

या कड्यांवर किटिवेक हा देखणा कुरव पक्षी चिखल आणि शेवाळ लिंपून घरटे करतो. सँड ईल हे चिमुकले मासे त्याचे मुख्य अन्न आहेत. ते घटल्याने ब्रिटनमध्ये किटिवेकांची संख्या गेल्या काही दशकांत खूप रोडावली. मार्च २०२४ पासून स्कॉटलंडच्या सागरी हद्दीत सँड ईलच्या मासेमारीवर बंदी आहे. समुद्राचे वाढते तापमान मात्र बंदीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

गिलेमॉट जुलैअखेर कडे रिकामे करतात आणि पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षीही ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्राकडे निघून जातात. दोन्ही पाहायचे असतील, तर जूनचा उत्तरार्ध निवडावा आणि वाऱ्याने फेरी रद्द झालीच तर हाताशी असावा म्हणून आणखी एक दिवस राखून ठेवावा.