झोपणारे उंदीर, थरथरणारे उंदीर

श्रोतेहो, नमस्कार. इन्शुलिन आता घरोघरी माहीत आहे. ५१ अमिनो आम्लांचं ते एक पेप्टाइड. अमिनो आम्लांची आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड, खूप लांब साखळी म्हणजे प्रथिन. एवढं लक्षात असू द्या, कारण मला सांगायची आहे ती एका शंखाच्या विषातल्या पेप्टाइडांची गोष्ट.

बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हे फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत डीएनएवर उत्तम काम करून ते मनिलाला परतले. ते काम पुढे चालवायला तिथं यंत्रं नव्हती. मग समुद्रात जे होतं ते त्यांनी घेतलं: शंकूच्या आकाराचा, सुरेख नक्षीचा शंख. यातला गोगलगायीसारखा प्राणी पोकळ दात भाल्यासारखा माशात खुपसतो आणि मासा क्षणात लुळा पडतो. याच्या एका जातीच्या दंशानं माणसंही दगावली आहेत. विषातली लुळं पाडणारी पेप्टाइड्स त्यांनी लूर्डेस क्रूझ यांच्यासोबत शोधली. पण त्यातली काही नागाच्या विषासारखंच काम करत होती. नवं काय मिळालं? प्रकरण तिथंच मिटलं असतं.

पुढे ऑलिव्हेरा अमेरिकेत युटा विद्यापीठात गेले. तिथं क्रेग क्लार्क नावाचा पदवीचा विद्यार्थी त्यांच्याकडे काम करत होता. तोवर विष उंदराच्या पोटात टोचून पाहत असत. क्लार्क म्हणाला, थेट मेंदूत टोचून पाहू. तेही अख्खं विष नाही. विषाचे घटक वेगळे करायचे आणि एकेक टोचायचा.

आणि काय झालं असेल! एका घटकानं उंदीर झोपला. दुसऱ्यानं गोल गोल धावत सुटला. तिसऱ्यानं थरथर कापू लागला. ज्या घटकानं पिल्लं झोपत, त्यानंच मोठे उंदीर सैरावैरा पळत! म्हणजे हे एक विष नव्हतंच. पुन्हा सांगतो, एक विष नव्हतंच. एकेका जातीच्या विषात शंभराहून अधिक पेप्टाइड्स असतात आणि त्यांची कामं वेगवेगळी असतात.

मला ही गोष्ट फार प्रिय आहे, कारण ही सूचना एका पोरानं केली आणि सरांनी ती करू दिली. आपल्याकडे प्रयोगवहीत उत्तर आधी लिहितात, प्रयोग नंतर होतो. हे बदलायलाच हवं.

उंदराला थरथर आणणारं पेप्टाइड शुद्ध केलं मायकेल मॅकिन्टॉश यानं, शाळा नुकतीच संपवून आलेल्या मुलानं. शुद्ध करायचं म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून मिश्रण दाबानं ढकलायचं. टीपकागदावर शाईचे रंग फाकतात तशी पेप्टाइड्स एकेक करून बाहेर येतात. मग प्रत्येकाचं वस्तुमान मोजायचं आणि टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवत क्रम वाचायचा. आधी वेगळं करा, मग वजन, मग क्रम.

या पेप्टाइडात निघाली २५ अमिनो आम्लं, आणि गंधकाचे तीन पूल, ज्यांनी साखळीची घट्ट गाठ बसते. वेदनेचा निरोप पुढे जाण्यासाठी मज्जारज्जूतल्या चेतापेशींना कॅल्शियम आत घ्यावं लागतं. हे पेप्टाइड ती वाटच अडवतं. हुबेहूब तसंच पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवलं गेलं, आणि डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत असह्य, जुनाट वेदनेवरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. नाव झायकोनोटाइड. ते पोटातून घेता येत नाही. पंपानं थेंबाथेंबानं मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, आणि भ्रम, गोंधळ असे त्रास होऊ शकतात म्हणून डॉक्टरांना फार जपावं लागतं. पण मॉर्फिनसारखं त्याचं व्यसन लागत नाही.

असे शंख आपल्याही समुद्रात आहेत. किनाऱ्यावर मुलांना जिवंत शंख उचलू देऊ नका. भारताच्या किनाऱ्यावरच्या शंखांतली पेप्टाइड्स बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच रीतीनं तपासली गेली आहेत: आधी वेगळं, मग वजन, मग क्रम. नमस्कार.