आधी गरम पाणी

कागोशिमा. जपानच्या क्युशू बेटाचं दक्षिण टोक. खाडीपलीकडे साकुराजिमा ज्वालामुखी धुमसतोय. वारा शहराकडे वळला की त्याची राख रस्त्यांवर उतरते आणि ऊन असतानाही माणसं छत्र्या उघडतात.

इथल्या तेन्मोन्कान भागात बार शोधायचा, तर मान वर करायची. पाट्या इमारतीच्या अंगावर एकीवर एक चढलेल्या. अरुंद जिना, बंद दार, रस्त्याकडे खिडकी नाही. आत आठ माणसं बसतील एवढंच लाकडी काउंटर. मागे भिंतभर बाटल्या, त्यांत साके एकही नाही. सगळी शोचू.

साके म्हणजे आंबवलेला तांदूळ. शोचू त्याच्या पुढे जाते, भट्टीवर गाळली जाते. अस्सल शोचू एकदाच गाळतात, त्यामुळे मूळ जिन्नस वासातून लपत नाही. फेणीतलं काजूबोंड ओळखणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथे वास येतो रताळ्याचा.

ज्वालामुखीच्या राखेची जमीन पाणी धरत नाही, भाताला ती नकोच असते. रताळं मात्र खुशाल वाढतं. 1705 साली माएदा रिएमोन नावाच्या दर्यावर्दीने ते र्युक्यू बेटांवरून आणलं, असं इथे सांगतात.

पण शोचू त्याहून जुनी. 1559 साली इसा गावच्या हाचिमान देवळात सुतार काम करत होते. त्यांनी तिथल्या लाकडावर लिहून ठेवलं, की पुजारीबुवा भलतेच चिक्कू, एकदाही शोचू पाजली नाही! ती फळी 1954 च्या दुरुस्तीत सापडली. ‘शोचू’ हा शब्द जपानात लिहिलेला सापडतो तो सगळ्यात आधी या गाऱ्हाण्यात. सुतारांना हवी होती ती रताळ्याची नव्हे, हे उघड आहे. रताळं यायला अजून दीडशे वर्षं होती.

काउंटरमागे किटलीला वाफ आली. पेल्यात आधी गरम पाणी, मग शोचू. क्रम उलटा करायचा नाही. वरून पडणारी गार शोचू स्वतःच तळाला जाते, ढवळावं लागत नाही. सहा भाग शोचू, चार भाग पाणी. पंचवीस टक्क्यांची दारू पंधरावर येते.

संध्याकाळच्या या पेल्याला इथल्या बोलीत ‘दाइयामे’ म्हणतात. दिवसाचा शीण थांबवणं.

दार सरकतं. कुणीतरी भिंतीला छत्री टेकवतो, तिच्यावर करडी राख. बारवाला काही विचारत नाही. किटली उचलतो.