नवरा-बायको दोघंही युद्धक्षेत्रात : मग ती पाच दिवसांची सुट्टी कशी असते?

(कॅमेऱ्याकडे बघून)

नमस्कार मंडळी. दक्षिण सुदानमध्ये मदतकार्य करणाऱ्या माणसाला दर काही आठवड्यांनी देशाबाहेर सुट्टीवर पाठवतात, असं सांगितलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'इतक्या सुट्ट्या? मजा आहे!' दुसरा, 'मग घरी का येत नाही?' माझी मावशी पहिला विचारते, सासूबाई दुसरा. आज दोघींनाही आणि तुम्हालाही सांगते, की ही सुट्टी कोण ठरवतं, का देतात, आणि नवरा-बायको दोघंही तिथेच कामाला असले की ती जुळवणं आणि निभावणं इतकं जड का जातं.

(पडद्यावर नकाशा : जुबा, मालाकाल, रेंक)

हे मालाकाल. देशाच्या ईशान्येला, पांढऱ्या नाईलच्या काठावर. डिसेंबर 2013 मध्ये यादवी सुरू झाली, तेव्हा हे शहर कधी सरकारच्या, कधी बंडखोरांच्या ताब्यात, असं कित्येकदा इकडून तिकडे गेलं. 2018 मध्ये शांतता करार झाला. एप्रिल 2023 मध्ये शेजारच्या सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि तिथून जीव वाचवून निघालेली माणसं सीमेजवळच्या रेंक गावामार्गे, नदीतून बोटींवर बसून मालाकालला उतरायला लागली. त्यांच्यासाठी येणाऱ्या मालाचं गोदाम मी बघते. ताडपत्र्या, साबण, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, औषधांची खोकी. नवरा तिथल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे.

लोकांना वाटतं, एकाच गावात नोकरी म्हणजे एकत्र संसार. तसं नसतं. आमच्या संस्था दोन, म्हणून राहायची कंपाउंडही दोन. अंधार पडला की कर्फ्यू. पाहुण्याने वेळेत गेटबाहेर पडायचं, मग तो पाहुणा तुमचा नवरा का असेना. अशा जागांना 'नॉन-फॅमिली' ठिकाण म्हणतात. तिथे कुटुंब आणायची परवानगीच नसते. आम्ही दोघं तिथे आहोत ते दोन कर्मचारी म्हणून. आठवड्यातून एक-दोनदा जेवायला भेटतो, बाकी फोनवर. सलग पाच रात्री एका छपराखाली झोपायला मिळतं ते फक्त सुट्टीत.

आता ही सुट्टी ठरते कशी? सगळे तिला 'आर अँड आर' म्हणतात, म्हणजे 'रेस्ट अँड रिकुपरेशन', विश्रांती घेऊन पुन्हा ताजंतवानं होणं; मीही तेच म्हणते. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग जागांची वर्गवारी करतो. धोका किती, राहायची सोय कशी, एकटेपणा किती, हे बघून त्या ठिकाणचा कालावधी ठरतो. कुठे बारा आठवड्यांनी, कुठे आठ, कुठे सहा, आणि अगदी वाईट ठिकाणी चार. सुट्टी साधारण पाच दिवसांची, प्रवासाचा वेळ वेगळा. वर्षाची तीस दिवसांची हक्काची रजा असते, त्यातून हे दिवस कापत नाहीत. आणि साठवून ठेवून एकदम महिनाभर घेईन म्हटलं, तर तसंही चालत नाही. संयुक्त राष्ट्रांबाहेरच्या संस्था आपापले नियम करतात. म्हणून माझं चक्र सहा आठवड्यांचं आणि नवऱ्याचं तीन महिन्यांचं.

साठवू का देत नाहीत, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. सुट्टीचा परिणाम किती टिकतो यावर जेसिका डी ब्लूम या संशोधक बाईंनी बराच अभ्यास केलाय. सुट्टीत माणसाला बरं वाटतं, पण कामावर परतल्यावर तो ताजेपणा फार टिकत नाही, बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच उतरतो. मग एकदाच लांब सुट्टी देण्यापेक्षा थोडी-थोडी पण नेमाने देणंच शहाणपणाचं. आणि ती सक्तीची हवी, कारण थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही. वायरलेसवर आलेला निरोप त्याच्या कानावरून जातो. चेकपोस्टवरच्या बंदूकवाल्या पोराशी तो आवाज चढवून बोलतो. अशा एका चुकीची किंमत गाडीतल्या सगळ्यांना मोजावी लागते.

सैन्यांना हे फार महागात पडून कळलं. पहिल्या महायुद्धात, 1917 च्या एप्रिलमध्ये, फ्रेंच सेनापती नीव्हेल यांनी जर्मनांवर केलेलं आक्रमण फसलं आणि त्यानंतर फ्रेंच सैन्याच्या जवळपास निम्म्या डिव्हिजनमध्ये सैनिकांनी हल्ल्याला जायला नकार दिला. मागण्यांत एक मोठी मागणी होती रजेची. कागदावर रजा होती, प्रत्यक्षात मिळत नव्हती. नीव्हेल यांच्या जागी जनरल पेतँ यांनी सूत्रं हातात घेतल्यावर दर चार महिन्यांनी सात दिवस घरी सोडायचं ठरवलं आणि ते पाळायला लावलं. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने वर्षभराच्या नेमणुकीत मध्ये एक आर अँड आर ठेवली. बँकॉक, हाँगकाँग, सिडनी अशी शहरं होती, पण लग्न झालेले बरेच जण होनोलुलू निवडायचे, कारण बायको अमेरिकेतून विमानाने तिथे येऊ शकायची. मोजक्या दिवसांची ती भेट, आणि मग तो परत युद्धावर.

आमचं जरा वेगळं आहे. आमच्यात मागे कोणी उरत नाही, दोघंही तिथूनच निघतो आणि तिथेच परततो.

(थोडं पुढे सरकून)

निघणंच मुळात सोपं नसतं. नवऱ्याची सुट्टी बदली डॉक्टर आल्याशिवाय सुरू होत नाही, कारण भूलतज्ज्ञ नाही म्हणजे सिझेरियन नाही, गोळी लागलेल्या माणसाचं ऑपरेशन नाही. बदलीच्या डॉक्टरचा व्हिसा अडकला की आमचं बुकिंग गेलं. माझं चक्र त्याच्या चक्राशी आधीच जुळत नाही. दोन-तीन फेऱ्यांतून एखादी एकत्र साधते. त्यात पावसाळा. मालाकालची माती म्हणजे काळी, कपाशीची माती, अगदी विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी. मे-जूनपासून ती अशी चिकटते की गमबूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. आतल्या भागातल्या कच्च्या धावपट्ट्यांवर तर एक जोराची सर आली की त्या दिवशी विमान उतरत नाही. माणसं बॅगा भरून शेडखाली बसतात आणि संध्याकाळी परत आपल्या तंबूत जातात.

विमान आलंच, तर ते मानवतावादी हवाई सेवेचं. जागतिक अन्न कार्यक्रम ती चालवतो. मोजकं सामान, तेही काट्यावर तोलून. आधी राजधानी जुबा, मग तिथून केनियातलं नायरोबी, साधारण दीड-पावणेदोन तास.

आता नायरोबीत उतरल्यावर काय होतं, ते सांगते. पहिल्या संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये गेलो. दुधाच्या फ्रिजसमोर मी उभी. सायीचं, बिनसायीचं, बदामाचं, व्हॅनिलाचं. तिकडे नवरा ट्रॉली घेऊन दाराकडे तोंड करून उभा, पाठ भिंतीला लावून. कोणाची तरी ट्रॉली धाडकन शटरवर आदळली आणि आम्ही दोघं एकाच क्षणी खाली वाकलो. आसपास कोणाच्या लक्षातही आलं नाही. दूध न घेताच बाहेर आलो.

हे वेड नव्हे. सहा आठवडे शरीर ज्या सावधपणावर जगलंय, ते विमानात बसल्याबरोबर तो सोडून देत नाही. पहिले दोन दिवस नुसती झोप. जनरेटरचा आवाज नाही म्हणून मध्यरात्री जाग येते. अनेकांना नेमका सुट्टीतच ताप येतो, सर्दी होते, पाठ धरते. तिसऱ्या दिवशी जरा माणसात येतो, चौथा दिवस खरा सुट्टीचा, आणि पाचव्या दिवशी पुन्हा बॅग भरायची.

आणि जोडप्याची खरी अडचण इथून पुढे आहे. साबिने सोननटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी विश्रांतीवर अनेक वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं, की शरीराने ऑफिसबाहेर पडणं पुरेसं नाही, मनानेही कामातून सुटायला हवं. त्याशिवाय थकवा उतरत नाही. आता मला सांगा, समोर बसलेल्या माणसाचं काम आणि माझं काम एकच असेल तर मन सुटणार कसं? तो गप्प बसला की मला कळतं कोणतं बाळ आठवतंय. मी फोन हातात घेतला की त्याला कळतं, बार्ज, म्हणजे माल आणणारी बोट, अडकलीय. तेच आमचं सुखही आहे, कारण ज्याला काही समजावून सांगावं लागत नाही असं माणूस शेजारी असणं ही मोठी गोष्ट. पण त्याच कारणाने ऑफिसही खोलीत येऊन बसतं.

शिवाय दोघांचं एकाच दिवशी एकच काही होत नाही. मला बोलायचं असतं, त्याला दोन दिवस शब्दही नको असतो. हे आधी माहीत नसेल तर त्या पाच दिवसांत भांडणं होतात, आणि दूरून बघणाऱ्याला वाटतं यांचं बिनसलंय. आम्ही आता कामाचं बोलणं संध्याकाळच्या चहाच्या वेळेपुरतं ठेवतो. एक अख्खा दिवस वेगवेगळे काढतो. तो केनियाच्या किनाऱ्यावर, दिआनीच्या समुद्रात पोहतो, मी केस कापून घेते, पुस्तक वाचते. लग्न झालेल्यांनी सुट्टीतला एक दिवस वेगळा घालवायचा, हे घरी पटवून देणं कठीण जातं, पण आमचा चौथा दिवस त्यानेच वाचतो.

आता सासूबाईंचा प्रश्न. नायरोबीहून मुंबईला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. मग का नाही येत? आई, येतो ना, वर्षाच्या मोठ्या रजेत येतोच. पण या पाच दिवसांत आलो, तर एक दिवस प्रवासात, एक नाशिकच्या रस्त्यावर, मग काका-काकू, देवदर्शन, कोणाचं तरी केळवण, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न, 'तिथे भीती नाही वाटत का?' उत्तर देताना हसावं लागतं. त्या हसण्याचे श्रम होतात हो. ज्यांची मुलं-सुना अशा कामात आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : या सुट्टीत त्यांना बोलावू नका. फोन करा, दोन मिनिटं बोला, जेवलात का विचारा.

आणि आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ करायचं मनात होतं, ते बोलते. मी हे जे सगळं सांगितलं, ते मुख्यतः बाहेरच्या देशातून आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. माझ्या गोदामातली दक्षिण सुदानी माणसं, रुग्णालयातल्या नर्स, गाड्यांचे ड्रायव्हर, यांना आर अँड आर नाही. नियम म्हणतो, ते तर आपल्याच देशात, आपल्याच घरी आहेत. पण घर म्हणजे निर्वासित छावणीतली ताडपत्री असेल तर? 2024 मध्ये जगभरात 383 मदत कर्मचारी मारले गेले, त्यातले 181 गाझात. बहुतेक सगळे त्या-त्या देशातले. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेचे हजारो स्थानिक कर्मचारी स्वतः विस्थापित होऊन काम करत राहिले. त्यातही नवरा-बायको दोघं नोकरीत असलेली घरं आहेत. त्यांनी पाच दिवस कुठे जायचं? मला हा अन्याय वाटतो, आणि मी त्याचा फायदा घेणाऱ्यांपैकी आहे म्हणून तो बोलायची जबाबदारीही माझी आहे.

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण इथे येणारच. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले ते. 1941 मध्ये त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं; त्या तिथेच परिचारिकांना शिकवत होत्या. दोघंही युद्धातल्या एकाच रुग्णालयात. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि काही महिन्यांतच, 9 डिसेंबर 1942 ला, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय 32. आजार असूनही ते काम करत राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान मलाही आहे. पण असं मरेपर्यंत राबणं हीच या कामाची पट्टी आपण मानतो, ते मला मान्य नाही.

तुम्ही जोडीने अशा नोकरीचा विचार करत असाल, तर मुलाखतीतच विचारा. सुट्टीचं चक्र किती आठवड्यांचं? बदली माणूस आला नाही तर सुट्टी पुढे जाते की रद्द होते? जोडीदार दुसऱ्या संस्थेत असेल तर तारखा जुळवून देता का? परतल्यावर समुपदेशकाशी बोलायची सोय आहे का, आणि त्याची नोंद बढतीच्या कागदांत तर जात नाही ना? आणि स्थानिक सहकाऱ्यांना विश्रांतीचे दिवस किती देता, हेही विचारा. काही संस्था त्यांना जादा भरपगारी रजा देतात, त्यामुळे 'जमत नाही' हे उत्तर लगेच मान्य करू नका.